आतड्याचे अस्तर आणि मिठाची पेज

मुंबईहून कोकणात उतरणारा किंवा बोरघाट चढून पुण्याला जाणारा प्रवासी पनवेलला फारसा रेंगाळत नाही. पण पोटाच्या तक्रारींनी गांजलेल्या महाराष्ट्राला हे नाव औषधाच्या बाटलीवरून दीडशे वर्षे ओळखीचे आहे. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला आणि त्याला राजापूरजवळच्या धूतपापेश्वराचे नाव दिले. धूतपाप म्हणजे ज्याने पाप धुऊन टाकले तो. पोट बिघडलेल्या माणसाला याहून आश्वासक नाव कोणते सापडणार? या कारखान्याच्या कुटजारिष्टातला कुटज म्हणजे आपला कोकणातला साधा कुडा. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी बहरतो. त्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते, बिया इंद्रजव म्हणून बटव्यात जातात आणि मुळी, म्हणजे कुड्याचे पाळ, ताकात उगाळून हगवणीवर चाटवले जाते. चव इतकी कडू, की एकदा चाटलेले पोर पुन्हा पोट दुखते असे सांगायला धजत नसे!

आयुर्वेदात या दुखण्याच्या जागेला ग्रहणी म्हणतात. अन्न पचेपर्यंत धरून ठेवायचे आणि पचले की पुढे लोटायचे, हे तिचे काम. तिच्या रोगालाही ग्रहणी हेच नाव. मी मराठीचा मास्तर. एखादा शब्द दिसला, की त्याचा धातू शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. ग्रह् म्हणजे घेणे, धरणे. शब्द सुंदर आहे. पण आजचे शास्त्र वाचताना वाटते, की घेणे हे या अवयवाचे निम्मेच काम आहे. कोणाला घ्यायचे नाही हे ठरवणे त्याहून अवघड, आणि ते काम आतड्याच्या अस्तराकडे आहे.

हे अस्तर किती जाड असावे? फक्त एका पेशीचे! अंगावरच्या कातडीला थरावर थर असतात. येथे मात्र एकेक पेशी दुसरीला खेटून, सांधे घट्ट करून उभी आहे. लहान आतडे वीसेक फूट लांब, आणि त्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर. पसरले तर टेनिसचे मैदान भरेल, असे पुस्तके सांगत असत. २०१४ साली दोघा स्वीडिश शास्त्रज्ञांनी नीट मोजदाद केली, तेव्हा साऱ्या पचनमार्गाचे मिळून सुमारे बत्तीस चौरस मीटर भरले. म्हणजे साडेतीनशे चौरस फूट. आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांचे बिऱ्हाडच म्हणा. पण या बिऱ्हाडाची डागडुजी अखंड चालू असते. अस्तराच्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि त्यांची जागा नव्या घेतात. नरकचतुर्दशीच्या पहिल्या चकलीचे स्वागत ज्या पेशींनी केले, त्यांतल्या पुष्कळशा भाऊबीजेच्या ताटापर्यंत निवृत्त झालेल्या असतात.

बिऱ्हाडाला शेजार आहे, आणि तो काही थोडाथोडका नव्हे. माणसाच्या देहात सुमारे अडतीस लाख कोटी जंतू असावेत, असा हिशेब २०१६ साली मांडला गेला. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. देहाच्या स्वतःच्या पेशीही साधारण तितक्याच. हा शेजार देशोदेशी सारखा नसतो. २०१४ साली पुण्याच्या संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या एका जंतूच्या जातीला ‘मेगास्फेरा इंडिका’ असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव कोठकोठे पोहोचेल, याचा नेम नाही.

या शेजाऱ्यांशी अस्तराचा व्यवहार मोठ्या हिशेबीपणाचा आहे. मोठ्या आतड्यात अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात जंतूंनी खुशाल वावरावे. आतला थर मात्र जवळजवळ निर्जंतुक. म्हणजे ओटीपर्यंत या, माजघरात नको! आपल्याला न पचणारा भाजीपाला, डाळींची सालपटे, भाकरीतला कोंडा हे सारे खाली जाते. जंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य अन्न तेच. शेजाऱ्याने रांधावे आणि घरमालकाने जेवावे, असा हा प्रकार. पण शेजाऱ्याची शिधासामग्री तोडली तर? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना चोथाविरहित आहार दिला. त्यांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जंतू सोडलेले होते. उपाशी जंतूंनी श्लेष्म्याचा थरच खायला घेतला. तो पातळ झाला आणि रोगजंतूंना अस्तरापर्यंत वाट मिळाली. मैद्याच्या बिस्किटांवर मुलांना वाढवणाऱ्या घरांनी हा उंदरांचा प्रयोग ध्यानात ठेवावा. उलट, ‘झिरपणारे आतडे’ बुजवण्याच्या महागड्या पुड्यांच्या जाहिराती खुशाल विसराव्यात. ताक जरूर प्यावे. त्यातले जंतू बहुधा पाहुणे म्हणून येतात आणि जातात, मुक्काम ठोकत नाहीत. पण पाहुणेही कामाला हात लावतातच.

विषांचे काय? पनवेलच्या कुशीत तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेथे कासाडी नदीच्या परिसरात निळ्या रंगाचे कुत्रे हिंडताना दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. रंग कातडीवर होता म्हणून तो दिसला. आतल्या अस्तराची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत नाहीत. तेथे विष शिरते ते पुष्कळदा वेषांतर करून. उदाहरण शिशाचे घ्या. लोह आत घेण्यासाठी अस्तरात जी दारे आहेत, त्यांतूनच शिसेही शिरते. शरीरात लोह कमी पडले, की अस्तर ती दारे वाढवते आणि मग चोरालाही रस्ता रुंद होतो. पांडुरोगी मुलाच्या अंगात शिसे जास्त भिनते, ते यामुळे. पालेभाज्या, कडधान्ये आणि लिंबाची फोड यांनी रक्त तर सुधारतेच. हे दारही थोडे अरुंद होते.

पण अस्तराला फसवण्यात पटकीच्या जंतूचा हात कोणी धरणार नाही. या रोगाने पंढरीच्या वाटेवर किती वारकरी घेतले आणि किती गावांच्या वेशीवर जरीमरीची देवळे उभी केली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आला आणि १८८४ साली पटकीचा जंतू त्याने पक्का केला. पण हा जंतू मारतो कसा? त्याचे उत्तर मिळायला पुढे पाऊण शतक लागले, आणि ते दिले कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी. त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. पुढे जंतू गाळून काढून नुसता गाळलेला द्रव सोडला, तरी तेच. जंतू नव्हे, त्याने सोडलेले विष हा खरा मारेकरी, हे डे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. हा माणूस १९८५ साली वारला, तोवर आपल्याकडे त्याला कोणी फारसे ओळखतही नव्हते.

या विषाची रीत विलक्षण आहे. ते अस्तर फाडत नाही, जाळत नाही. पेशीच्या आतली एक कळ दाबून ठेवते आणि क्षार बाहेर वाहू लागतात, क्षारांमागून पाणी. काही तासांत अंगातले पाणी तांदळाच्या धुवणासारखे निघून जाते. आणि येथेच सुटकेची वाट आहे. अस्तरात साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारे एक दार आहे. पटकीचे विष त्याला हात लावत नाही. नुसते पाणी पाजले तर ते बाहेर पडते. पाण्यात मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असली, तर ती जोडी त्या दाराने आत जाते आणि पाण्याला ओढून नेते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजले. शेकडा तीस मरत होते, तेथे मृत्यूंचे प्रमाण चारच्या खाली आले. डॉक्टर २०२२ साली गेले. पद्मविभूषण २०२३ साली, मागाहून.

आता आपल्या चुलीकडे वळू. कोकणात आजाऱ्याला काय देतात? मीठ घातलेली भाताची पेज. तांदळातले पिष्ट आतड्यात फुटून त्याची हळूहळू साखर होते आणि मिठाबरोबर त्याच दाराने आत जाते. तांदळाच्या पिठाचे क्षारपाणी पटकीत अधिक गुणकारी ठरते, हे पुढे दवाखान्यांतल्या प्रयोगांनी दाखवले. म्हणजे कुड्याचे पाळ उगाळणारी आजी बाजूलाच पेजेचे भांडे ठेवत होती आणि कौतुक मात्र पाळाचे होत होते! कुडा जंतूंशी काय झगडायचा तो झगडो. गेलेले पाणी तो भरून आणत नाही.

पण दुसरी एक रीतही आपल्याच घरांत आहे: जुलाब लागले, की पोराचे खाणे-पिणे तोडायचे. “पोटाला विसावा द्या” असे शेजारच्या काकू सांगतात आणि तीन दिवसांत नवे होऊ पाहणारे अस्तर उपाशी ठेवले जाते. मोठ्या माणसाने अजीर्णावर लंघन करावे; लहान मुलाच्या जुलाबात ते करू नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे, मोठ्या मुलाला मऊ भात, वरण, केळे द्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताची गोळी. प्रत्येक जुलाबाला प्रतिजैविक मागणेही बरे नव्हे. पुष्कळ वेळा कारण विषाणू असतो, आणि औषधाने मरतो तो बिचारा शेजारी.

क्षारपाण्याचे पाकीट आणताना वरचे नाव नव्हे, आतला तपशील वाचावा. ओआरएस ही अक्षरे मिरवणारी गोड पेये दुकानांत बरीच वर्षे विकली गेली. त्यांत साखर कित्येक पटींनी जास्त असे. इतकी साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षे यासाठी भांडण मांडले, तेव्हा २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केली. खऱ्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. शिवाय पोटॅशियमचा क्षार आणि सायट्रेट. पाकीट घरात नसेल आणि रात्रीचे दुकान बंद असेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आधी स्वतः चाखून पाहावे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे आणि पुन्हा करावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, चमच्या-चमच्याने. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त दिसले, तर मात्र पेज आणि पाळ दोन्ही बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठावे, आणि वाटेतही तो चमचा चालूच ठेवावा.