ग्रँड कॅनियन : आधी उतार, मग चढ

उन्हाळी सुट्टीत अमेरिकेतल्या मुलाबाळांकडे जाणारी आपल्याकडची अनेक कुटुंबे ॲरिझोनातील ग्रँड कॅनियन पाहायला जातात. कड्यावरून पाहून परतणाऱ्यांची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती दरीत पायी उतरणाऱ्यांची.

सह्याद्रीतला गड आपण ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. येथे सारे उलटे. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंच, तर कोलोरॅडो नदी त्याखाली साडेचार हजार फूट. सकाळी वर हवा गार असते, पाय भराभर पडतात. खाली जावे तसा उष्मा वाढतो; तळाशी पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. चढ सुरू होतो तो थकल्यावर, भर उन्हात. उतरण्यापेक्षा चढायला साधारण दुप्पट वेळ लागतो. म्हणून कुठून मागे फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवा.

वेळ : पहाटे निघा. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालू नये, असे उद्यान प्रशासन सांगते. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत आखूच नका.

वाट : ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलावर विश्रांतीची जागा आहे. नवख्यांनी तेथूनच फिरावे. साउथ कायबाब वाटेवर पाणी अजिबात नाही. ब्राइट एंजलवरचे नळही कधी बंद असतात. त्या दिवशीची स्थिती आधी विचारून घ्या.

पाणी आणि मीठ : कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे तो किती गेला हे कळत नाही. पण नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो. पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, चिवडा खात राहा. ओआरएस जवळ ठेवा. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी मीठपाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

धोक्याची खूण : सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, लगेच मदत बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. दरीत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून एकट्याने उतरू नये आणि परतण्याची वेळ वर कोणाला तरी सांगून ठेवावी.