एका 'च'चं मोजमाप

गैरसमज : अविवेकी विचार म्हणजे अंधश्रद्धा. मांजर आडवं गेलं की थांबणं, शनिवारी नखं न कापणं.

वस्तुस्थिती : अविवेकी विचारांच्या मानसशास्त्रीय प्रश्नावलीत मोजायचा असतो हट्ट. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे. या पद्धतीनुसार 'मला यश मिळायला हवं' ही इच्छा झाली. 'मिळायलाच हवं' म्हटलं की तिचा हट्ट होतो. आपल्या भाषेत हा फरक एका 'च'वर तोललेला आहे. प्रश्नावलीचं भाषांतर करताना तो 'च' निसटला, तर साध्या इच्छेलाही 'सहमत' म्हणणारे अविवेकी ठरतील.

गैरसमज : प्रश्न जास्त, तर मोजमाप अचूक.

वस्तुस्थिती : अविवेकी समजुती मोजणाऱ्या जोन्स यांच्या १९६८ च्या चाचणीत १०० विधानं होती. मॅलूफ आणि शुट यांनी १९८६ मध्ये २० विधानांत काम भागवलं. 'सगळ्यांनी मला मान दिलाच पाहिजे' आणि 'सर्वांनी माझा आदर केलाच पाहिजे' अशी दोन विधानं घातली की उत्तरं जुळतात, विश्वासार्हतेचा आकडाही फुगतो; पण दुसऱ्या विधानातून नवीन काहीच कळत नाही. अशी जुळी विधानं आधी काढायची. आखूड प्रश्नावलीला किंमत मात्र मोजावी लागते. एकूण कल कळतो. पण एकेका समजुतीच्या वाट्याला दोन-तीनच विधानं आली, तर त्या समजुतीचे वेगळे गुण भरवशाचे राहत नाहीत.

गैरसमज : 'निकालाच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही' हे चांगलं विधान आहे.

वस्तुस्थिती : हे विधान चिंता मोजतं, विचार नव्हे, आणि या क्षेत्रातली सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. जुन्या चाचण्यांमध्ये भावनांची विधानं मिसळली होती. मग अविवेकी विचारांमुळे मन अस्वस्थ होतं, असं त्याच आकड्यांवरून म्हणायचं म्हणजे अस्वस्थतेची तुलना अस्वस्थतेशीच करायची. १९८० च्या दशकात संशोधकांनी यावर नेमकं बोट ठेवलं. त्यानंतरच्या प्रश्नावल्यांत विधानं समजुतीचीच ठेवण्याची काळजी घेतली गेली : 'नापास झालो तर मी माणूस म्हणूनच कुचकामी.' इथे झोपेचा, घामाचा, धडधडीचा उल्लेखही नाही.

गैरसमज : गुण जास्त आले म्हणजे आजार.

वस्तुस्थिती : नाही. या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. समुपदेशक गुणांपेक्षा कागद पाहतो : कोणत्या विधानापुढे 'पूर्ण सहमत' आहे? बोलणं तिथून सुरू होतं.