दारावरची तपासणी: रस्टमध्ये बाहेरचा डेटा आत घेताना

मंडळी, रस्ट भाषेत आपण स्वतःचा प्रकार, म्हणजे टाइप, घडवतो आणि त्याला काही अटी घालतो. आजचा प्रश्न असा: ती वस्तू फाइलमध्ये लिहून ठेवली आणि उद्या परत वाचली, तर त्या अटी टिकतात का? लिहून ठेवणं म्हणजे सीरियलायझेशन, आणि लिहिलेल्यातून पुन्हा वस्तू उभी करणं म्हणजे डीसीरियलायझेशन. रस्टमध्ये हे काम बहुतेक जण 'सर्डे' या लायब्ररीकडून करून घेतात. तिचं नावही या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरूनच आलंय.

माझीच फजिती सांगतो. निवृत्तीनंतर हस्तलिखितांच्या नोंदींसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात 'पृष्ठव्याप्ती' नावाचा स्ट्रक्ट होता. आरंभ आणि शेवट अशी दोन फील्ड, दोन्ही यू-३२ प्रकारची. अट एकच, आरंभ शेवटापेक्षा मोठा नको. फील्ड खासगी ठेवली आणि 'न्यू' या फंक्शनमध्ये अट तपासली. मला वाटलं, झालं, दार बंद! मग स्ट्रक्टच्या डोक्यावर 'डिराइव्ह डीसीरियलाइझ' ही एक ओळ लिहून मोकळा झालो.

पुढे जेसन फाइलमध्ये माझ्याच हातून आरंभ ४८ आणि शेवट १२ असं उलटं पडलं. फाइल बिनतक्रार वाचली गेली. पानं मोजायची, म्हणजे १२ वजा ४८ अधिक १. उत्तर आलं ४२९४९६७२६१! यू-३२ मध्ये ऋण संख्या मावत नाही. डीबग बिल्ड अशा वजाबाकीला थांबतो, पण रिलीज बिल्डमध्ये, सेटिंग बदललं नसेल तर, आकडा शून्याखालून फिरून वरच्या टोकाला जातो.

असं का झालं? बघा, डिराइव्हने तयार होणारा कोड स्ट्रक्टच्याच मॉड्यूलमध्ये बसतो. त्याला खासगी फील्ड उघडी असतात, तो ती थेट भरतो. 'न्यू' नावाचं काही आहे हे त्याला ठाऊकच नाही. फील्डची नावं आहेत का, किंमत यू-३२ मध्ये बसते का, एवढंच तो पाहतो. म्हणजे आकार तपासला जातो, अर्थ नाही.

न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पण शब्द कोणाचाही चालत नाही, तो आप्ताचा, विश्वासार्ह माणसाचा लागतो. फाइल ही आप्त नव्हे, अगदी आपण स्वतः लिहिलेली असली तरी.

मग उपाय काय? दोन प्रकार ठेवायचे. एक 'कच्ची नोंद', तिच्यात तीच दोन फील्ड, अट काही नाही. डिराइव्ह तिला खुशाल द्या. दुसरा आपला खरा प्रकार. कच्च्यातून खऱ्यात येण्यासाठी 'ट्रायफ्रॉम' हा ट्रेट लिहायचा आणि त्यात 'न्यू'लाच बोलवायचं. मग खऱ्या स्ट्रक्टवर सर्डेचं 'ट्राय-फ्रॉम' हे अॅट्रिब्यूट लावायचं आणि त्यात कच्च्या प्रकाराचं नाव द्यायचं. आता उलटी नोंद आली की वाचतानाच चूक परत येते. चुकीच्या प्रकाराला 'डिस्प्ले' मात्र हवा, कारण सर्डे त्यातूनच संदेश घेतं.

कधी तीच माहिती दोन रूपांत येते. कुठे दोन फील्ड, कुठे नुसता मजकूर, '१२-४८' असा. अशा वेळी 'व्हिजिटर' हाताने लिहिता येतो. जेसन वाचणारा डीसीरियलायझर त्याला सांगतो, मला मजकूर सापडला, किंवा मॅप सापडला. आणि व्हिजिटर त्यातून वस्तू घडवतो. सापडेल ते सांग, ही विनंती 'डीसीरियलाइझ-एनी'ने करतात. जेसनमध्ये किमतीचं रूप लिहिलेल्यावरूनच कळतं म्हणून ती चालते. बिनकोडसारख्या फॉरमॅटमध्ये तशी खूण नसते, तिथे चालत नाही. आणि व्हिजिटरनेही शेवटी 'न्यू'कडेच जायचं, हे विसरू नका.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या कोडमध्ये खासगी फील्ड आणि डिराइव्ह डीसीरियलाइझ एकत्र असलेला प्रत्येक स्ट्रक्ट शोधा आणि विचारा, याला काही अट आहे का? असेल, तर तिथे मागचं दार उघडं आहे.