मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी

मोटार कुरकुरू लागली, की पुष्कळ गृहस्थ मिस्त्रीला रोगाचे नावच सांगून मोकळे होतात : “क्लच गेला आहे, बदलून टाका.” क्लच बदलला जातो, पैसे जातात, आणि मूळची घरघर तशीच राहते. निदान मिस्त्रीवर सोपवावे. आपण लक्षणे तेवढी नेमकी सांगावीत, आणि तीही आधी कागदावर टिपून.

आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? स्टिअरिंग ब्रेक दाबतानाच थरथरते, की ताशी ८० किलोमीटरच्या आसपास एरवीही? पहिल्या थरथरीत संशय ब्रेकच्या चकतीवर जातो, दुसरीत चाकांच्या तोलावर. दोन्ही कामांच्या खर्चात बरेच अंतर असते. धूर निळसर असेल तर बहुधा वंगण जळत आहे, काळा असेल तर इंधन जादा जात आहे. घरात गाडी चालविणारे आणखी कोणी असल्यास त्यांनाही विचारावे. आपल्या कानाला सवयीचा झालेला आवाज त्यांना खटकलेला असतो.

ब्रेकचे पेडल मऊ लागून खोल जात असेल, तर मात्र टिपणे करीत बसू नये. गाडी चालवीत न नेता ओढून न्यावी.

एरवी मिस्त्रीला शेजारी बसवून तो आवाज एकदा ऐकवावा. कामास हात लावण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, आणि बदललेले सुटे भाग परत मागावेत.