वर्गमूळ फलन

वर्गमूळ फलन हे प्रत्येक ऋणेतर वास्तव संख्येशी तिच्या ऋणेतर वर्गमुळाची जोडी लावणारे फलन आहे. ऋणेतर संख्या म्हणजे शून्य किंवा शून्यापेक्षा मोठी संख्या. हे फलन फ(क्ष) = √क्ष किंवा य = √क्ष असे लिहितात. त्याचा आलेख आरंभबिंदूपासून सुरू होतो आणि पहिल्या चरणात उजवीकडे चढत जातो. त्याचा चढ क्रमाक्रमाने कमी होतो, पण आलेख वर जायचा कधीही थांबत नाही. ही वक्ररेषा म्हणजे आडव्या अन्वस्ताचा वरचा अर्धा भाग होय. पूर्ण अन्वस्त न घेता त्याचा अर्धाच भाग का घ्यावा लागतो, हे समजले की या फलनाचे गुणधर्म आणि ते हाताळताना होणाऱ्या चुका या दोहोंचा उलगडा होतो.

## व्याख्या

ज्या संख्येचा वर्ग केला असता दिलेली संख्या मिळते, तिला दिलेल्या संख्येचे वर्गमूळ म्हणतात. ३² = ९ आणि (−३)² = ९ असल्याने ९ ची वर्गमुळे दोन आहेत : ३ आणि −३. फलनाच्या व्याख्येनुसार मात्र प्रांतातील प्रत्येक संख्येशी एक आणि एकच संख्या निगडित असावी लागते. दोन्ही वर्गमुळे एकाच वेळी स्वीकारली तर ही अट मोडते. म्हणून दोहोंपैकी ऋणेतर वर्गमूळ निवडण्याचा संकेत रूढ आहे. त्याला मुख्य वर्गमूळ म्हणतात आणि √ हे चिन्ह केवळ त्याच्यासाठी वापरतात. यानुसार √९ = ३ असते; ऋण वर्गमूळ अभिप्रेत असल्यास −√९ असे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

यावरून दोन वेगळ्या प्रश्नांतील भेद स्पष्ट होतो. क्ष² = ९ या समीकरणात 'कोणकोणत्या संख्यांचा वर्ग ९ आहे' असे विचारलेले असते आणि त्याच्या उकली दोन असतात. √९ ही मात्र एकच ठरलेली संख्या आहे.

## प्रांत आणि विस्तार

कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. त्यामुळे ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसते आणि य = √क्ष या फलनाचा प्रांत, म्हणजे क्ष ला देता येणाऱ्या किमतींचा संच, क्ष ≥ ० एवढाच राहतो. फलनाच्या मिळणाऱ्या किमतींचा संच, म्हणजे विस्तार, य ≥ ० हा आहे.

चिन्हाखाली अधिक पदे असल्यास संपूर्ण राशी ऋणेतर असावी अशी असमानता मांडून प्रांत काढतात.

* य = √(२क्ष − ६) : येथे २क्ष − ६ ≥ ० असावे लागते, म्हणून क्ष ≥ ३.
* य = √(५ − क्ष) : येथे ५ − क्ष ≥ ० असावे लागते, म्हणून क्ष ≤ ५.
* य = √(क्ष² + १) : चिन्हाखालील राशी नेहमीच धन असते, म्हणून सर्व वास्तव संख्या प्रांतात येतात.

चिन्हाखाली उणे चिन्ह दिसले म्हणजे फलन अस्तित्वात नाही, असा अर्थ होत नाही. य = √(−क्ष) मध्ये क्ष = −४ घेतल्यास √४ = २ ही किंमत मिळते. बंधन चिन्हाखालील संपूर्ण राशीवर असते, चलावर नव्हे.

## आलेख

आलेख काढताना क्ष च्या किमती पूर्ण वर्ग असलेल्या घेणे सोयीचे असते, कारण त्यांची वर्गमुळे पूर्णांक येतात.

| क्ष | ० | १ | ४ | ९ | १६ |
|---|---|---|---|---|---|
| य = √क्ष | ० | १ | २ | ३ | ४ |

(०, ०), (१, १), (४, २), (९, ३) आणि (१६, ४) हे बिंदू आलेख कागदावर मांडून सलग वक्ररेषेने जोडतात. ते पट्टीने रेषाखंडांत जोडू नयेत. प्रांतात २, ३, ५ यांसारख्या संख्याही आहेत आणि त्यांची वर्गमुळे अपरिमेय असली तरी आलेखावर त्यांचे निश्चित स्थान असते. उदाहरणार्थ, √२ ≈ १.४१४ असल्याने (२, १.४१४) हा बिंदू (१, १) आणि (४, २) यांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या किंचित वर येतो. आरंभबिंदूच्या डावीकडे आलेख नसतो. आरंभबिंदू स्वतः आलेखावर असल्याने तो भरीव ठिपक्याने दाखवतात.

### वाढीचा वेग

वरील सारणीत य प्रत्येक वेळी १ ने वाढतो, पण त्यासाठी क्ष ला अनुक्रमे १, ३, ५ आणि ७ ने वाढावे लागते. त्यामुळे लगतच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडांचे चढ १, १/३, १/५ आणि १/७ असे घटत जातात. फलन सतत वाढते, परंतु वाढीचा वेग कमी होत जातो. म्हणूनच वक्ररेषा क्ष-अक्षाकडे झुकलेली दिसते.

आरंभबिंदूजवळ याच्या उलट स्थिती असते. (०, ०) पासून (०.०१, ०.१) पर्यंतच्या रेषाखंडाचा चढ १० आहे, तर (०.०००१, ०.०१) पर्यंतच्या रेषाखंडाचा चढ १०० आहे. आरंभबिंदूच्या जितके जवळ जावे तितका चढ वाढतो आणि तेथे वक्ररेषेची स्पर्शिका उभी, म्हणजे य-अक्षच, असते. हाताने काढलेल्या आकृत्यांत हा भाग अनेकदा तिरप्या रेषेसारखा काढला जातो, ते बरोबर नाही.

उजवीकडे आलेख सपाट होत असला तरी तो कोणत्याही आडव्या रेषेखाली अडकून राहत नाही. य = १,००० ही उंचीही क्ष = १०,००,००० येथे गाठली जाते.

### य = क्ष या रेषेशी तुलना

० आणि १ यांच्या दरम्यान वर्गमूळ मूळ संख्येपेक्षा मोठे असते; उदा., √०.२५ = ०.५. क्ष = ० आणि क्ष = १ येथे दोन्ही किमती समान असतात. १ च्या पुढे वर्गमूळ मूळ संख्येपेक्षा लहान असते. म्हणून आलेख प्रथम य = क्ष या रेषेच्या वर असतो, (१, १) येथे तिला छेदतो आणि पुढे तिच्या खाली राहतो.

## वर्ग फलनाशी संबंध

वर्गमूळ काढणे ही वर्ग करण्याच्या उलट क्रिया आहे. एखाद्या फलनाचे व्यस्त फलन मिळवण्यासाठी त्याच्या आलेखावरील प्रत्येक बिंदूच्या निर्देशकांची अदलाबदल करतात. य = क्ष² या अन्वस्तावरील (२, ४) आणि (−२, ४) हे बिंदू अदलाबदलीनंतर (४, २) आणि (४, −२) असे होतात. आता क्ष = ४ या उभ्या रेषेवर आलेखाचे दोन बिंदू येतात, म्हणून हा आडवा अन्वस्त फलनाचा आलेख ठरत नाही.

अडचणीचे मूळ य = क्ष² मध्येच आहे : दोन वेगळ्या संख्यांचा वर्ग तेथे एकच येतो. अन्वस्ताचा फक्त क्ष ≥ ० हा उजवा भाग घेतला की ही अडचण दूर होते. त्या भागाचे य = क्ष या रेषेतील प्रतिबिंब म्हणजेच य = √क्ष चा आलेख. खालचा उरलेला भाग य = −√क्ष या वेगळ्या फलनाचा आलेख असतो.

## आलेखातील बदल

य = अ√(क्ष − प) + र या सामान्य रूपातील फलनांचे आलेख (अ ≠ ०) मूळ आलेखावरूनच मिळतात.

* प मुळे आलेख आडवा सरकतो. प धन असल्यास उजवीकडे, ऋण असल्यास डावीकडे.
* र मुळे आलेख उभा सरकतो. र धन असल्यास वर, ऋण असल्यास खाली.
* अ मुळे आलेख उभ्या दिशेने ताणला किंवा दाबला जातो. अ ऋण असल्यास तो उलटा होऊन खाली उतरत जातो.

आलेखाचा प्रारंभबिंदू (प, र) हा असतो. √(क्ष + ३) मध्ये बेरीज दिसत असूनही आलेख डावीकडे सरकतो, कारण चिन्हाखालील राशी शून्य होण्यासाठी क्ष = −३ असावा लागतो.

चिन्हाखाली क्ष चा सहगुणक ऋण असल्यास आलेख प्रारंभबिंदूपासून डावीकडे पसरतो. उदा., य = √(५ − क्ष) चा आलेख (५, ०) पासून डावीकडे चढत जातो.

### सोडवलेले उदाहरण

य = −२√(क्ष + ३) + ४ चा आलेख काढणे.

येथे अ = −२, प = −३, र = ४. म्हणून प्रारंभबिंदू (−३, ४), प्रांत क्ष ≥ −३ आणि विस्तार य ≤ ४ आहे. क्ष + ३ ची किंमत ०, १, ४, ९ येईल अशा रीतीने क्ष निवडल्यास पुढील सारणी मिळते.

| क्ष | −३ | −२ | १ | ६ |
|---|---|---|---|---|
| य | ४ | २ | ० | −२ |

आलेख (−३, ४) पासून उजवीकडे उतरतो आणि क्ष-अक्षाला (१, ०) येथे छेदतो. क्ष = ० असताना य = ४ − २√३ ≈ ०.५४ असल्याने य-अक्षावरील छेदनबिंदू सुमारे (०, ०.५४) हा आहे.

## वर्गमूळ असलेली समीकरणे

√(क्ष + ६) = क्ष हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास क्ष + ६ = क्ष², म्हणजे क्ष² − क्ष − ६ = ० मिळते. त्याच्या उकली ३ आणि −२ आहेत. क्ष = ३ घेतल्यास √९ = ३ हे बरोबर ठरते. क्ष = −२ घेतल्यास डावी बाजू √४ = २, तर उजवी बाजू −२ येते. म्हणून −२ ही मूळ समीकरणाची उकल नाही.

ही जादा उकल कोठून आली, ते आलेखावरून कळते. य = √(क्ष + ६) ही वक्ररेषा आणि य = क्ष ही रेषा एकमेकींना केवळ (३, ३) येथे छेदतात. (−२, −२) हा बिंदू य = −√(क्ष + ६) या खालच्या अर्ध्या भागावर आहे. वर्ग करताना उणे चिन्ह नाहीसे होते आणि व्याख्येत वगळलेला हा अर्धा भाग परत येतो. म्हणून अशा समीकरणाची प्रत्येक उकल मूळ समीकरणात घालून पाहणे आवश्यक असते.

## नेहमी होणाऱ्या चुका

* √(क्ष²) = क्ष असे मानणे. क्ष = −५ असताना √२५ = ५ येते, −५ नव्हे. योग्य नियम √(क्ष²) = |क्ष| हा आहे.
* √(अ + ब) = √अ + √ब असे मानणे. √(९ + १६) = ५, तर √९ + √१६ = ७. अ आणि ब ऋणेतर असताना √(अब) = √अ × √ब हा गुणाकाराचा नियम मात्र खरा आहे.
* √१६ = ±४ असे लिहिणे. ± हे चिन्ह क्ष² = १६ सारख्या समीकरणाच्या उकलीत येते, √१६ च्या किमतीत नाही.

## उपयोग

√(४क्ष) = २√क्ष असल्याने मूळ राशी चौपट झाली की वर्गमूळ दुप्पट होते. निसर्गातील अनेक संबंध या स्वरूपाचे आहेत. हवेचा विरोध नगण्य मानल्यास स्थिर अवस्थेतून उ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर पोहोचण्यास √(उ/४.९) सेकंद लागतात : ४.९ मीटरसाठी १ सेकंद, १९.६ मीटरसाठी २ सेकंद. लहान झोके घेणाऱ्या साध्या लंबकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात असतो. सुमारे १ मीटर लांबीच्या लंबकाला एका आवर्तनास सुमारे २ सेकंद लागतात, तर पाव मीटर लांबीच्या लंबकाला सुमारे १ सेकंद. समुद्रसपाटीपासून उ मीटर उंचीवरून दिसणाऱ्या क्षितिजाचे अंतर, प्रकाशाचे वक्रीभवन विचारात न घेता, सुमारे ३.५७√उ किलोमीटर असते. २५ मीटर उंचीसाठी ते सुमारे १८ किलोमीटर आणि १०० मीटर उंचीसाठी सुमारे ३६ किलोमीटर येते.

## इतिहास

वर्गमुळे काढण्याची रीत फलनाच्या संकल्पनेपेक्षा खूप जुनी आहे. इ.स.पू. १८०० ते १६०० या काळातील एका बॅबिलोनियन मृत्तिकापट्टिकेवर √२ ची दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत अचूक ठरणारी किंमत आढळते. शुल्बसूत्रांत √२ साठी ५७७/४०८ इतकी, म्हणजे सुमारे १.४१४२१६, आसन्न किंमत मिळते. 'करणी' हा शब्दही या परंपरेतूनच आला आहे. आर्यभट यांच्या आर्यभटीय (इ.स. ४९९) या ग्रंथात अंकाअंकाने वर्गमूळ काढण्याची पद्धत दिली आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणित (१२वे शतक) या ग्रंथात धन संख्येला धन व ऋण अशी दोन मुळे असतात आणि ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला मूळ नसते, असे स्पष्ट केले आहे.

√ हे चिन्ह जर्मन गणितज्ञ ख्रिस्तोफ रुडोल्फ यांच्या १५२५ मधील बीजगणितावरील ग्रंथात छापले गेले. चिन्हाखालील संपूर्ण राशीवर आडवी रेघ देण्याची पद्धत रेने देकार्त यांनी १६३७ मध्ये वापरली. त्यांच्या त्याच ग्रंथाने भूमिती व बीजगणित यांची सांगड घातली आणि समीकरणांचा वक्ररेषांच्या रूपात अभ्यास करण्याचा मार्ग खुला केला.

## हेही पहा

* अन्वस्त
* करणी
* वर्गसमीकरण
* व्यस्त फलन