पदार्थविज्ञानाची पदवी : काय लागते, किती लागते



दहावी-बारावीचे निकाल लागले की गट कार्यालयात उसाच्या नोंदीबरोबर आणखी एक विचारणा होते : "पोरगं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करतो म्हणते. नागपूरला घालू का? किती वर्षं लागतील?" सर्वांच्या माहितीसाठी आम्ही येथे खुलासा करीत आहोत.

पहिली गोष्ट अकरावीची. पदार्थविज्ञानाचे, म्हणजेच भौतिकशास्त्राचे, गणितावाचून पान हलत नाही. पुष्कळ मुले अकरावीला जीवशास्त्र ठेवून गणित सोडतात. मग बारावीला मार्क कितीही पडोत, ही वाट बहुधा बंद होते. तेव्हा विषय निवडतानाच विचार करा.

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. आज ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. शहरातील शासकीय विज्ञान संस्था त्याहून जुनी, १९०६ सालची. पूर्वी बी.एस्सी.ला तीन विषय सारख्याच वजनाचे असत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एक विषय मुख्य आणि दुसरा दुय्यम, शिवाय भाषा, कौशल्य, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी मांडणी झाली.

आता हिशेब क्रेडिटचा. आपला ऊस काट्यावर टनात मोजतात, तसा अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. वर्गातले १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रयोगशाळेत मात्र एका क्रेडिटला ३० तास. तीन वर्षांत, सहा सत्रांत, १२० ते १३२ क्रेडिट जमले की पदवी. चौथे वर्ष केले तर १६० ते १७६ क्रेडिटवर ऑनर्स पदवी. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

घरी अडचण आली, पाऊस दगा देऊन गेला, तर? पूर्वी शिक्षण मध्येच सुटले की हाती काही उरत नसे. आता पहिल्या वर्षानंतर ४ जादा क्रेडिटचे व्यावसायिक काम पुरे केल्यास प्रमाणपत्र, तसेच दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. मिळवलेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात आणि पुढे परत शिकता येते. पण प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. जिथे पदवीधर मागतात तिथे ते चालणार नाही, हे लक्षात असू द्या.

प्रात्यक्षिकांना दांडी मारून भागत नाही. जर्नल पुरे करावे लागते. त्यातला एक प्रयोग तर आपल्या घरचाच. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते. किती वळली ते पोलारीमीटरवर मोजून साखरेचे प्रमाण काढतात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा 'पोल' याच तत्त्वावर काढतात आणि उताऱ्याचा हिशेब त्यावरच उभा असतो. म्हणजे तुमच्या उसाच्या भावाशी या विषयाचा थेट संबंध आहे.

नुसत्या बी.एस्सी.वर नोकरी चालून येईल, असे आम्ही सांगणार नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी.ला दोन वर्षे, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्ष धरा. शिक्षक व्हायचे तर बी.एड. आहेच. प्रवेशापूर्वी त्या त्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक वाचा, शिष्यवृत्तीसाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. आणि ऊसबिलाचा हप्ता फीला लावण्याआधी मुलाला किंवा मुलीला समोर बसवून एवढेच विचारा : "गणिताची गोडी आहे ना?" उत्तर 'हो' आले, तर खुशाल पाठवा.