व्यायामाची वजावट

थंडी पडू लागली आणि नंदुरबारच्या वेशीबाहेरच्या मोकळ्या जागांवर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या, की भल्या पहाटे त्या रस्त्यांनी कानटोपी चढवून आणि मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधून झपाझप चालणाऱ्या मंडळींची संख्या एकाएकी वाढते. त्यांत व्यापारी असतात, कचेरीतले कारकून असतात, शिक्षक असतात, निवृत्त अंमलदारही असतात; आणि दिवाळीच्या फराळाने कमरेभोवती जी भर घातली तिची वसुली होळीपूर्वी पुरी करावयाची, असा त्यांतील बहुतेकांचा निर्धार असतो. तासाभराने मंडळी परततात तेव्हा घड्याळ सांगते की आज 400 उष्मांक जाळले, आणि नेमक्या त्याच सुमारास चौकातल्या हॉटेलात जिलबीचा पहिला घाणा कढईतून उतरत असतो. जे खर्ची पडले ते भरून काढण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, हा प्रश्न तिथे त्या कढईसमोर उभा राहतो, आणि बहुधा खाणाऱ्याच्या बाजूने निकालात निघतो.

या प्रश्नाला सरसकट उत्तर देणारे सल्लागार पुष्कळ आहेत. व्यायामाने खर्चलेला एकही उष्मांक परत खाऊ नये असे एक पक्ष म्हणतो, आणि सगळेच्या सगळे परत खाल्ले नाहीत तर शरीर उपाशी पडून चरबीला धरून बसते असे दुसरा पक्ष बजावतो. दोन्ही पक्षांची एक गफलत समान आहे. ती अशी की, दिवसाच्या खाण्याचे मूळ अंदाजपत्रक कोणी आखले आणि त्यात व्यायामाची तरतूद आधीच धरली होती की नव्हती, याची चौकशी न करताच ते निवाडा देऊन मोकळे होतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली भारतीयांसाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत 65 किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी 2110, मध्यम श्रमासाठी 2710 आणि जड कष्टासाठी 3470 उष्मांक धरले आहेत. 55 किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे 1660, 2130 आणि 2720 असे आहेत. बैठ्या आणि मध्यम श्रमांत पुरुषाच्या बाबतीत जो 600 उष्मांकांचा फरक आहे, तीच श्रमाची भरपाई होय, आणि ती पहिल्याच ओळीत मंजूर झालेली आहे. मग ज्याने आपल्याला मध्यम श्रमाच्या वर्गात घालून 2710 चा आकडा घेतला, त्यातून वजन उतरावे म्हणून 500 वजा केले, आणि वर चालण्याबद्दल रोज 400 पुन्हा पदरात पाडून घेतले, त्याने एकच रक्कम दोनदा उचलली. असा मनुष्य तीन महिन्यांनी काटा जागचा हलत नाही म्हणून काट्यालाच दोष देतो. शिवाय सकाळी तासभर चालून उरलेला दिवस गादीवर बसणारा दुकानदार मध्यम श्रमाच्या वर्गात बसत नाही, हे त्याला सांगण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

आता घड्याळाच्या त्या 400 कडे वळू. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर दर किलो वजनामागे ताशी सुमारे एक उष्मांक खर्च करीत असते, आणि ताशी पाच किलोमीटरच्या चालीने चालताना हा खर्च साधारण साडेतीनपट होतो. म्हणजे 70 किलोच्या माणसाला तासाभराच्या चालण्याचे 245 पडतात. पण त्यांतले 70 तर तो घरी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत राहिला असता तरीही खर्ची पडलेच असते. चालण्याचे म्हणून जे निव्वळ श्रेय द्यावयाचे ते पावणेदोनशेचे. घड्याळे पुष्कळदा ढोबळ आकडा दाखवितात, आणि तोही अचूक असतो असे नाही: अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 साली मनगटावरची सात यंत्रे तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, परंतु उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के, तर सर्वांत वाईटाची 93 टक्के निघाली. या दप्तरावर विसंबून जिलबी मंजूर करणे म्हणजे तलाठ्याने पिकाची आणेवारी रस्त्यावरूनच ठरविण्यासारखे आहे.

पावणेदोनशे उष्मांक म्हणजे किती, हे स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. परातीत 60 ग्रॅम ज्वारीचे पीठ घ्यावे, कोमट पाण्याने मळून हातावर थापावे आणि तव्यावर टाकावे. जी भाकरी फुगून येते ती सुमारे 200 उष्मांकांची असते. तासभराच्या चालण्याची कमाई ही अशी, पुरती एक भाकरीसुद्धा नव्हे. आणि ती भाकरी खानदेशात नुसती खाल्ली जात नाही. शेवभाजीच्या वाटीवर जो लालभडक तवंग तरंगतो त्यात दोन मोठे चमचे तेल सहज असते, त्याचे 240 झाले. खाली बुडालेली मूठभर तिखट शेव स्वतः तळलेली, तिचे अडीचशेच्या आसपास. पंगतीला वरणबट्टी असेल आणि वाढणारा तुपाच्या बाबतीत उदार असेल, तर हिशेब न केलेलाच बरा.

चढण चढली तर कमाई वाढते हे खरे. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून सातपुड्यातील अस्तंभ्याच्या यात्रेला जे हजारो तरुण निघतात, त्यांना 1325 मीटर उंचीचे ते शिखर रात्रीच्या अंधारात डोंगरवाटा तुडवून गाठावयाचे असते. 70 किलोचे शरीर सरळ एक हजार मीटर वर उचलण्यास पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने केवळ 164 उष्मांक पुरतात. तथापि मानवी स्नायू खर्चाच्या जेमतेम पाचव्या ते चौथ्या हिश्शाचेच काम परत देतात व बाकीचे उष्णतेच्या रूपाने घालवितात, म्हणून प्रत्यक्षात साडेसहाशे ते आठशे उष्मांक लागतात. डोंगरावर जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची आख्यायिका या मुलखात घरोघरी सांगतात. यात्रेहून उतरलेल्या भक्तांनी पायथ्याशी भज्यांच्या रूपाने जे तेल स्वतःच्या पोटात घातले, ते त्या चिरंजीवाला दिले असते तर उभयपक्षी लाभ झाला असता.

येथवर निव्वळ अंकगणित झाले. शरीर मात्र अंकगणिताने बांधलेले नसते, आणि याचा एक पुरावा आपल्याच देशातला आहे. जाँ मेयर या पोषणशास्त्रज्ञाने पूर्णिमा रॉय व कामाख्या प्रसाद मित्र या सहकाऱ्यांसह कलकत्त्याजवळ चेंगैल येथील ताग गिरणीतल्या 213 पुरुषांचा आहार, काम आणि वजन यांची नोंद केली. 1956 साली तो निबंध प्रसिद्ध झाला. गिरणीत दिवसभर दुकानाच्या ठाण्यावर बसून राहणारे विक्रेते होते, कारकून होते, विणकर होते, गाठी उचलणारे हमाल होते, कोळशाची राख उपसणारे मजूर होते. कष्ट वाढत गेले तसा आहार वाढत गेला आणि वजन मात्र जवळजवळ स्थिर राहिले, हे एका मर्यादेपर्यंत अपेक्षितच होते. आश्चर्य दुसऱ्या टोकाला होते: जे मुळीच हलत नव्हते ते विक्रेते अत्यंत कष्टाचे काम करणाऱ्यांइतकेच जेवत होते आणि सर्वांत लठ्ठ होते. श्रम करणाऱ्याची भूक श्रमाच्या मापाने चालते आणि बसून राहणाऱ्याची भूक माप सोडते, असा मेयरांनी त्यातून अर्थ काढला. पुढे या निबंधावर पुष्कळ चर्चा झाली, पण माझ्या मते चालावयास जाण्याचा खरा लाभ या निष्कर्षात आहे. चालण्याने उष्मांक थोडेच खर्चतात, परंतु भुकेला वळण लागते. ते वळण घड्याळातील आकडा पाहून मोडू नये.

दुसरा पुरावा टांझानियातला. तेथील हाडझा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहतात, आणि त्यांचे पुरुष दिवसाकाठी सुमारे अकरा किलोमीटर चालतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड अणूंनी खुणावलेले पाणी पाजून, आणि ते अणू किती वेगाने शरीराबाहेर पडतात हे लघवीच्या नमुन्यांवरून पाहून, या लोकांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला. 2012 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर तो खर्च युरोप-अमेरिकेतील बैठ्या माणसांहून फारसा निराळा नव्हता. 2021 साली 1754 प्रौढांच्या मोजमापांवरून असेही दिसले की, हालचालींवर जो जादा खर्च होतो त्यातील सरासरी 28 टक्के शरीर इतर कामांत काटकसर करून वसूल करून घेते. तेव्हा पावणेदोनशेच्या कमाईतूनही चौथ्या हिश्शाहून अधिक वजावट आधीच झालेली असते, आणि चालून आल्यावर दुपारी अंमळ जास्त लवंडण्याची जी इच्छा होते, ती त्या वजावटीचाच भाग असण्याचा संभव आहे.

तात्पर्य, तासाभराच्या चालण्याचे काही परत खाऊ नये. भूक खरोखरच लागली तर ताक, फुटाणे, एखादे फळ किंवा उकडलेले अंडे घ्यावे. वजन उतरताना स्नायू टिकावयाचे तर प्रथिने लागतात, आणि ती जिलबीत नसतात.

परंतु त्याच पहाटे, जवळच्याच मैदानावर, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली धावत असतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यासाठी ती कित्येक महिने रोज अनेक किलोमीटर पळतात. धावण्याचा खर्च ठोकळमानाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक उष्मांक पडतो. 55 किलोची मुलगी सकाळ-संध्याकाळ मिळून दहा किलोमीटर धावली तर साडेपाचशे झाले. वजन कमी केले तर वेग वाढेल असे कोणी तिच्या कानात सांगितले, आणि तिने जेवण 1600 उष्मांकांवर आणले, तर धावण्याचे वजा जाता तिच्या शरीराच्या उरलेल्या सगळ्या कामांना 1050 उरतात. चरबी सोडून तिच्या अंगाचे वजन 42 किलो धरले, तर दर किलोमागे हे 25 पडले. आणि 30 च्या खाली दीर्घकाळ राहणे धोक्याचे, असे क्रीडावैद्यक मानते. प्रथम पाळी अनियमित होते, मग बंद पडते, हाडे कमजोर होतात, नडगीच्या हाडाला बारीक भेग जाते, आणि भरतीच्या दिवशी मुलगी मैदानाबाहेर बसते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतली आणि ती मुलग्यांनाही होते हे स्पष्ट केले. या मुलीने खर्चलेले परत खाल्लेच पाहिजे, आणि तेही त्याच दिवशी. कारखान्यात तयार झालेली महागडी पावडर त्यासाठी लागत नाही. धावणे संपताच शेंगदाण्याची चिक्की आणि दूध, दुपारी एक भाकरी जास्त, आणि उडदाच्या डाळीची वाटी भरून घेतली तरी बहुतेक भरपाई होते.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. लांब चालण्याने त्यांची रक्तशर्करा एकदम घसरू शकते; त्यांनी खिशात साखर ठेवावी आणि औषधाची मात्रा व खाणे यांचा मेळ आपल्या डॉक्टरकडून बसवून घ्यावा.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा प्रश्नच उलटा आहे, असे लोक या जिल्ह्यात थोडेथोडके नाहीत. पावसाळा सरला की अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर या भागांतील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. पहाटे अंधारात कोयता हाती घेणे, वाकून बुंध्याशी ऊस तोडणे, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे, आणि कोपीवर परतल्यावर चूल पेटविणे, हे जी स्त्री महिनोन् महिने करते, तिच्यासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा 2720 चा आहे. आणि ती गरोदर असेल किंवा तान्हे पाजत असेल तर त्यावर आणखी भर पडते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली आदिवासी क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली दिवसातून एक पूर्ण जेवण देण्याची तरतूद केली, ती याच जाणिवेने. पण ते जेवण अंगणवाडीत मिळते आणि ऊस परराज्यात असतो. या बाईला वजन उतरवायचे नसते. तिच्या वर्गात बसणाऱ्याने खर्चलेल्यातले किती परत खावे, तर सर्वच्या सर्व, आणि मागची बाकीही.

पुन्हा शहरातल्या चालणाऱ्याकडे येऊन व्यवहाराचे सांगावयाचे तर, आरंभी बैठ्या कामाचाच आकडा धरावा, त्यातून तीन-चारशे कमी करावेत आणि चालण्याची कमाई वहीत मांडूच नये. एक किलो चरबीत सुमारे 7700 उष्मांक साठलेले असल्यामुळे या बेताने महिन्याला दीड-दोन किलोंचा उतार पडतो. पुढे तो मंदावतो, कारण हलके झालेले शरीर खर्चही कमी करते. वजन रोज सकाळी, शौचानंतर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर करावे; मात्र एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण आदल्या रात्रीच्या लोणच्या-पापडातील मिठाने अंगात पाणी साठून किलोभराचा फरक सहज पडतो. आठवड्याची सरासरी काढावी आणि अशा तीन सरासऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. उतार आठवड्याला एकूण वजनाच्या एक टक्क्याहून अधिक असेल, किंवा थकवा, चिडचिड, झोपमोड, केस गळणे अशा तक्रारी सुरू झाल्या असतील, तर दुपारच्या जेवणात एक भाकरी वाढवावी आणि आणखी तीन आठवडे पाहावे. उतार मुळीच नसेल, तर प्रथम शेवभाजीवरचा तवंग चमच्याने बाजूला काढावा.